बोली

उदगीरच्या मोंढ्यात तुरीच्या ढिगाशी उभं राहून
बावीस वर्षं मी भाव पुकारलेत.
सहा हजार दोनशे, दोनशे दहा, दोनशे पंचवीस,
एक वार, दोन वार...
माझ्या तोंडाचंच खातो मी.

त्या बुधवारी तोंडच उघडेना.

आधी वाटलं, तुरीचं फोलपट अडकलंय दाढेत.
काडीनं कोरलं.
मग आरशात गाल बाजूला ओढून बघितलं:
खालच्या उजव्या दाढेशेजारी, हिरडीवर,
हुरड्याच्या दाण्याएवढा फुगवटा, तकतकीत, लालबुंद.
बोटानं दाबला तर दाताच्या कडेनं
खारट, कुबट काहीतरी जिभेवर आलं.
दाढ हलली. किंचित.
दात मिटले की वाटायचं,
ही एकटी बाकीच्यांपेक्षा उंच झालीय.

हमालांचा मुकादम म्हणाला, लवंग धर.
मन्मथअप्पा अडते म्हणाले, चुना.
कुणी म्हणालं, बिब्बा.
रात्रभर ठणका आणि भिंतीवरचं घड्याळ,
दोघांची शर्यत.
सोजरनं तांब्याभर कोमट पाणी दिलं, मीठ टाकून.
"नुसतं धरून ठीव तोंडात. बिब्बा लावशील तर भाजंल.
सकाळी काझी मॅडमकडं जायचं, समजलं?"

मॅडमनी आरसा घातला, गार पाण्याचा थेंब टाकला.
मी दचकलो.
"दाढ जिवंत आहे," म्हणाल्या, "कीड नाही.
घर शाबूत, पाया सुटलाय.
ब्रश करताना रक्त कधीपासून येतंय?"
आठ-दहा वर्षं झाली असतील. सगळ्यांनाच येतं की.
"सगळ्यांना नाही येत."

मग खुणा केलेली एक बारीक सळई
दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत सरकवत गेल्या.
चैतात काळ्या रानाला भेग पडते
आणि पोरं तिच्यात काडी घालून खोली बघतात, तशी.
"तीन."
दैवशालानं कागदावर लिहिलं.
"तीन. चार. सहा."
मी आडवा, दिवा डोळ्यांवर,
आणि माझ्याच जबड्याचा सौदा निघालेला.
"सात."
कुणी एक वार म्हणेना, दोन वार म्हणेना.
मला ओरडायचं होतं, बास, तोडा इथंच,
पण तोंडात त्यांची बोटं.
"नऊ," त्या म्हणाल्या, आवाज खाली घेऊन,
भिजल्या मालाचा भाव सांगतात तसा.

सुई टोचली. ओठ जड झाला, परक्यासारखा.
त्या खिशातूनच वाट काढली त्यांनी.
आधी पू, मग रक्त,
मग पिचकारीचं नुसतं पाणी.
आणि ठणका थांबला.
दीड वाजता मोंढा थांबतो तसा,
एकदम,
आणि कुठंतरी चिमण्या आहेत हे कळतं.

"बरं वाटलं म्हणून पळू नका," त्या हात धूत म्हणाल्या.
"साचलेलं गेलं, खिसा तिथंच आहे.
सोमवारी या, मुळापर्यंत साफ करू.
साखर तपासून घ्या.
आणि ताप चढला, सूज डोळ्याकडं नाहीतर गळ्याकडं सरकली,
गिळता येईना झालं,
तर माझी वाट बघायची नाही. सरकारी दवाखाना, रात्र असली तरी."
गोळ्या? "ताप नाही. सध्या दुखण्यापुरत्या."

संध्याकाळी उंबऱ्यावर सोजर, मांडीवर मिश्रीची डबी.
बोट हिरडीवर फिरत होतं, सवयीनं,
शेजारणीशी गप्पा चाललेल्या.
बोट बाहेर आलं.
काळ्यात लाल.
कधीपासून व्हायलंय हे?
"काय? हे व्हय? सगळ्यांनाच येतं की."

बावीस वर्षं मी पुकारतोय.
त्या वेळेला एक आकडा सुचला नाही.
डबी तिची होती, मी हात लावला नाही.
अर्धा ओठ अजून झोपलेला,
मी मोबाईलची बॅटरी लावली
आणि बोबडा म्हणालो,
इकडं सरक जरा.
आ कर.