चौथा

वडगावात हेस्कॉमनं लाईट घालवली
आणि माग एकदम गप्प झाले.
भरमू टर्नरनं गच्चीवर नळी चढवली:
पाण्याचा आठ इंची पाईप, तळाशी आरसा,
उद्यमबागेतून परतल्यावर रात्र-रात्र घासलेला.

गुरू सापडतो. लगेच सरकतो.
बोटानं नळी जराशी ढकलायची,
उंबऱ्यावर झोपलेल्या मांजराला सरकवावं तशी.

शेजारची शिवलीला स्टुलावर चढून
एक डोळा मिटते, तोंड उघडं ठेवते.
"ओंदु, एरडु, मूरु...
चौथा कुठाय, मामा?"

मागं आहे. सावलीत.
येईल पावणेनऊला, असं वहीत आहे.

पावणेनऊ. काही नाही.
भरमूला वाटतं, वही चुकली,
की घड्याळ, की आरशाला घाम आला.
खालून जेवायच्या हाका येतात
दोन घरांतून, दोन भाषांत,
एकाच चिडक्या सुरात.

मग गुरूपासून जरा लांब,
रिकाम्या काळ्यात,
सुईच्या टोकाएवढं काहीतरी
आहे, नाही, आहे, नाही,
आहे.

"नाल्कु!" ती म्हणते.
"हलू नकोस," भरमू म्हणतो,
आणि तेवढ्यात लाईट येते,
माग सुरू होतात, गच्ची थरथरते,
चारही चंद्र
नाचायला लागतात.