रकाना सात

आटपाडीत, तहसीलसमोरच्या बाकावर
म्हाकू लवट्यांचा अर्ज भरतोय मी.
कलाप्रकार : गजी ढोल.
अनुभव : "आयच्या पाठीवर हुतो तवापस्नं."
पुरावा, कात्रणे जोडावीत :
त्यांनी सदरा सारून खांदा दाखवला,
पट्ट्याचा काळा वण.
झेरॉक्सवाला हसला.

रकाना सात. कलावंताचे नाव, फक्त एक.
इथं म्हातारा अडला.
"गजी एकट्याची न्हाई, मास्तर.
कैताळवाला सिदू लिवा आधी."
सिदू तर वारला ना?
"मरंना का. ठेका त्योच धरतोय अजून."

मग अर्जाच्या कोऱ्या पाठीवर
एकोणचाळीस नावं,
आणि तळाशी, माझ्याच अक्षरात,
सरदार :
ढोलाला कातडं दिलेला बोकड.

पोस्टात पाकीट तोललं.
पाच रुपयांचं तिकीट
जादा लागलं.