खिशातले हात

रौमाच्या गोदीत सव्वीस वर्षं
मी लोखंडाशी बोलत आले.
लोखंड फार प्रश्न विचारत नाही.
आर्क नीट लागला
की लोणी कढल्यासारखा एकसारखा आवाज येतो,
हात चुकला की तो आवाज फुटतो
आणि मान न वळवताही मला कळतं
पलीकडच्या ब्लॉकमध्ये कोण घाई करतंय.

ऑगस्टमध्ये मला फोरमन केलं.
पांढरं हेल्मेट, एक लॅपटॉप,
आणि हाताखाली एकोणीस माणसं.
हाताखाली.
हात कुठे ठेवायचे
ते मात्र कोणी सांगितलं नाही.

म्हणून नोव्हेंबरात दोन दिवसांचं प्रशिक्षण,
टाम्पेरेच्या हॉटेलात, गालिचाच्या खोलीत.
आम्ही अकरा जण. बहुतेक प्लंबर आणि वायरमन,
छपरं घालणारा एक,
आणि कागदगिरणीतला फिटर ओइवा,
जो जेवणाच्या सुट्टीपर्यंत फक्त 'हो' म्हणाला,
तेही आमच्याकडच्या रीतीने, श्वास आत ओढून.
सगळ्यांनी खुर्च्या भिंतीला लावून घेतल्या.
पाठीमागून क्रेन येणार नव्हती,
पण सवय.

शिकवणारी सातू माझ्या मुलीच्या वयाची.
तिने पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या:
तुमचं बलस्थान एका शब्दात लिहा.
पेन माझ्या बोटांत काडीसारखं हरवलं.
छपरवाल्याने लिहिलं, 'उंची'.
ओइवाने लिहिलं, खोडलं, चिठ्ठी खिशात घातली.
मी लिहिलं, 'तळाचा थर',
सांध्यातला पहिला, ज्याच्यावर बाकीचे बसतात
आणि जो पुन्हा कोणाला दिसत नाही.
सातू म्हणाली, हे दोन शब्द झाले.

मग नाटक. मी साहेब,
ओइवा रोज उशिरा येणारा कामगार.
मी म्हणाले, 'उशीर झाला.'
त्याने श्वास आत ओढला: 'हो.'
संपलं.
कागदावर या प्रसंगाला सहा मिनिटं दिलेली होती.
तेव्हा आम्ही पहिल्यांदा हसलो, सातूसुद्धा,
आणि हसता हसताच तिने विचारलं,
तुम्हाला ज्याने शिकवलं
त्याने कधी तुमच्या हातातून काम काढून घेतलं होतं?

खोलीत कॉफीचं यंत्र तेवढं घुरघुरत होतं.

मला आर्मास आठवला.
माझ्या मागे तासन् तास उभा, हात खिशात.
मला वाटायचं, म्हाताऱ्याला थंडी वाजते.
एकच शिवण मी सात वेळा घासून काढली.
पहिल्याच वेळी त्याला दिसलं असणार, कुठे चुकतंय.
तो बुटाने प्लेटवर दोनदा ठोकायचा.
बस. त्याचं सगळं व्याख्यान तेवढंच.

आणि योनाताना आठवला नाही असं नाही.
मागच्याच आठवड्यात, अर्ध्या मिनिटात,
मी त्याच्या हातातून होल्डर घेतला होता.
देखणी शिवण घातली, माशाच्या खवल्यांसारखी.
तो हातमोजे घालून उभा राहिला,
लग्नात चुकीच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यासारखा.

सोमवार. साडेतीनलाच अंधार.
योनातान डोक्यावरच्या सांध्याला भिडलेला.
आवाज फुटला.
माझे हात आपोआप वर आले.
मी ते खिशात कोंबले;
आत सातूची पिवळी चिठ्ठी, बोटाला चिकटली.
आवाज पुन्हा फुटला.
वर मुख्य अभियंत्याचा फोन वाजतोय, वाजतोय.
पोराने मुखवटा वर करून माझ्याकडे पाहिलं.
मी विचारलं, शिकवल्याप्रमाणे,
'तुला काय वाटतं?'
त्याने श्वास आत ओढला.
'हो,' म्हणाला,
आणि ग्राइंडर उचलला.

शिवण अजून वाकडीच आहे.
बुधवारी तपासणी आहे.
खिशात माझ्या मुठी आवळलेल्या, नखं रुतलेली.
आर्मास,
इतकं दुखायचं होय रे तुला?