छाट

कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल, वर लिंबाची सावली,
तीही अकरापर्यंतच.
मशिनीचा एस जरा दाबावा लागतो,
नाहीतर अर्धाच उमटतो.
आणि बदनामीच्या इंग्रजीत एस फार.

स्लँडर. शेम. डिसग्रेस. स्करिलस.
सत्तावीस वर्षं टाइप करतोय,
स्पेलिंग कधी चुकलं नाही.
अर्थ विचाराल तर सांगेन, शिवी.
पण कुठली, कुणी, कुणाला, ओठ कसे वाकडे करून,
ते इंग्रजीत गेलं की
धुऊन, इस्त्री होऊन परत येतं.

नरसव्वा गज्जम कुंभारीहून आली,
नोटीस पदराच्या गाठीत.
कागदाला तंबाखूचा वास.
"वाच रे."
वाचलं : युज्ड स्करिलस अँड ओप्रोब्रियस लँग्वेज
अगेन्स्ट द चेकर.
"म्हंजे मी काय बोलले?"
स्करिलस.
"स्करलास," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली,
पत्ता भिजलाय की नाही बोटानं बघावं तशी.
"एवढं मोठं बोलले होय मी?"

सांगायचं राहिलं, ती नोटीस माझीच.
म्हणजे कंपनीची, पण बोटं माझी.
मागच्या मंगळवारी, पानाला वीस रुपये, दोन कार्बन.
माझा अर्धा एस मी कुठंही ओळखतो.

मग तिनं सांगितलं.
हजारातल्या दोनशे विड्या त्यानं छाट काढल्या,
मुठीत चुरगाळल्या,
आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाला,
विडी सैल आहे, वळणारीसारखीच.
कुणीतरी हसलं.
तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. उठली.
म्हणाली, नी अम्मा कूडा बीडीले चुट्टिंदि.
तुझ्या आईनंपण विड्याच वळल्या.

एवढंच.
पण पहिले दोन शब्द तेलुगूत शिवी आहेत,
तेवढ्यावरच थांबलं तर.
साक्षीदार तेवढ्यावर थांबला.
चेकरही.
त्याची आई भद्रावती पेठेत उंबऱ्यात बसून वळायची,
दिवा लागला तरी.
पुढचं ऐकायला त्याला जड गेलं असणार.

आणि चेकर जे बोलला ते नोटिशीत?
आहे की. तिसरी ओळ :
इन्फॉर्म्ड द वर्कर ऑफ द डिफेक्ट.

जमादार वकील म्हणाले, उत्तर टाइप कर,
त्याच्या बोलण्याला एखादा जोरदार शब्द बघ.
मी पाठ उसवलेली डिक्शनरी काढली.
इन्सल्ट फार हलका, शाळेतल्या भांडणासारखा.
अब्युझिव्ह वापरून वापरून बोथट.
काँट्युमेली सापडला : अपमान,
पण वरच्यानं खालच्यावर फेकलेला.
जुना, वजनदार, आणि एस नसलेला.
मी खूश होऊन तिला ऐकवला.

"हे ऐकून त्याला लाज वाटंल का?"
मी म्हणालो, आधी तो अर्थ विचारत माझ्याकडंच येईल.
"मग कशाला? त्यानं म्हटलं तेच लिव्ह.
सैल लिव्ह."

इंग्रजी मशीन. एस ए आय एल.
वाचलं की जहाजाचं शीड होतं.
साहेब वाचतील : विडी शिडासारखी, बाईही शिडासारखी,
आणि सोलापुरात तर समुद्र नाही.
तरी मी तेच टाइप केलं,
एस दाबून, पूर्ण उमटेल असा.
जमादारांनी कपाळाला हात लावला.
खोडतील की ठेवतील, ठाऊक नाही.

तिनं तेलुगूत सही केली,
गोल गोल, सावकाश, जागा पुरली नाही
म्हणून शेवटचं अक्षर समासात.
गाठ सोडत म्हणाली, "काय बे, किती झाले?"
ती साठीची, मी पन्नाशीचा, इथं हे चालतं.
पुण्याच्या पाहुण्याला यातही एक स्करिलस सापडला असता.

वीस, म्हणालो. एका पानाचे.
तिनं नाणी मोजून ठेवली.
आधीच्या पानाबद्दल
मी काही बोललो नाही.