झाकण

तीन दिवस झाले, सुगतनं झाकण फिरवलं नाही.

स्टीलच्या डब्याचं, कडेला पोचा आलेलं.
रोज सकाळी फरशीवर उभं धरून
तो बोटानं अशी गिरकी देतो
की खालचे वासनिक म्हणतात, सात वाजले.
तीन दिवस वासनिकांना वेळ कळली नाही.

मेडिकलच्या ओपीडीत हे सांगितलं
तर डॉक्टर लिहिता लिहिता थांबले नाहीत.
ताप? नाही. उलटी? नाही.
कुठे दुखतं म्हणतो?
म्हणत नाही, साहेब. नऊ वर्षांचा आहे,
अजून काहीच म्हणाला नाही.

भिंतीवर सहा चेहऱ्यांचा तक्ता,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा.
दाखव बेटा, किती?
सुगतनं तक्त्याला नाक लावलं,
प्लास्टिकचा वास घेतला,
मग मूठ वळून स्वतःच्या जबड्यावर
धप, धप, धप.

हे नेहमीच करतो ना?
करतो. पण कपाळावर करतो.
जबड्यावर कधीच नाही.
'अशा मुलांचं असं असतंच,'
आणि झोपेचं औषध.

मी मानेवाड्यात कूलरच्या मोटारी दुरुस्त करतो.
मे महिन्यात लोक बंद मोटार आणून टेकवतात,
विचारतात, काय झालं हिला?
ती थोडीच सांगते.
मी हात ठेवतो, कान लावतो,
कुठे जास्त तापली ते बघतो.
तेवढंच करा ना साहेब, हे ओठांवर आलं होतं.
मी 'थँक्यू' म्हणालो
आणि चिठ्ठीची घडी घातली.

बाहेर ऊन असं की सावलीही चटका देत होती.
पाणपोईचा माठ. सुगतनं एक घोट घेतला
आणि जो आवाज काढला
त्यानं रांगेतले सगळे वळले.
करुणा म्हणाली, हळूच, जणू चोरी कबूल करावी तसं,
'परवापासून उजव्याच बाजूनं चावून राहिला जी.
मला वाटलं, नखरे.'

दातांचं कॉलेज बाजूलाच.
तिथली एक शिकाऊ पोरगी, घामानं निथळलेली,
सरळ खाली फरशीवर बसली.
काय आवडतं याला?
मी पिशवीतून झाकण काढलं.
तिनं फिरवलं. वाईट फिरवलं.
दोन वेढ्यांत कोसळलं.
सुगतनं तिच्याकडे असं पाहिलं
जसं मी नवशिक्या वाइंडरकडे पाहतो,
आणि ओठ उघडून 'आं' केलं, रागानं.
तिला तेवढंच हवं होतं. बॅटरी, आरसा,
मागची दाढ.

पू झालाय, ती म्हणाली. किती दिवसांचा असेल?
मोठ्या माणसानं घर डोक्यावर घेतलं असतं.

त्यानंही घेतलं होतं, मॅडम.
आम्ही त्याला हट्ट म्हणालो.

दाढ गुरुवारी काढायची, भूल देऊन. तोवर गोळ्या,
केळ्यात चुरून.
रात्री कूलरच्या आवाजात
करुणा जुन्या फायली काढून बसली.
त्या दिवाळीत चार रात्री रडला,
आपण म्हणालो फटाके.
तुझ्या बहिणीच्या लग्नात लोळण घेतली,
आपण म्हणालो गर्दी.
मागच्या हिवाळ्यात हात चावला...
बोटं मोडत मोडत ती मागे जात राहिली.
झोप आता, मी म्हणालो.
तिनं दुसरा हात उघडला.

गुरुवार गेला. सुगत सुजलेला गाल घेऊन
दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजला.

शुक्रवारी अचानक फरशीवर
खर्रर्र...
लांब, गोल, कमी कमी होत जाणारं,
मग परत पहिल्यापासून.
साडेदहा झाले होते.
जिन्यातून वासनिक ओरडले,
'आज उशीर काऊन बे?'