उजवी कड

नेरूळच्या मैदानावर मी फक्की मारतो
आणि डग्लस सर मागोमाग चालतात,
रेघेवर पाय पडू न देता.

नऊ क्लब, तीन ऑपरेशनं, आणि उजवी कड,
असं बोटांवर मोजतात.
गोल किती, विचारलं तर खाडीकडे बघतात.
स्ट्रायकरला लोक लांबून ओवाळायचे म्हणे,
कडेच्याला शिव्या, त्याही अगदी कानाशी.

काल रबाळ्याची यामिनी
झेंड्यापर्यंत सुसाट गेली, बॉल आत घातला.
आत कुणीच नव्हतं.

सर लंगडत गेले, तिच्या बुटाची नाडी बांधली,
म्हणाले, "अच्छा बॉल था. आदमी लेट था."

अंधार पडेतो ते हेच पुटपुटत होते.
मी गोणी झटकत होतो,
तरी ऐकू आलं.