परत निघालेलं ऊन

रावेरहून खाली, तापीकडे उतरणाऱ्या शिवारात,
नांगरून ठेवलेल्या काळ्या वावरात माझा खांब आहे.
त्यावर काचेच्या दोन घुमट्या:
एक आभाळाकडे तोंड केलेली,
एक पालथी.
वरची मोजते आलेलं ऊन,
पालथी, परत निघालेलं.
शंभर आलं तर काळी माती अकरा परत करते.
बाकीचं गिळून बसते
आणि रात्री उशिरापर्यंत तळपायांना सांगत राहते.

दीड वाजता उपग्रह जातो.
त्याला दिसतं एकाच बाजूने, तिरकं, क्षणभर.
उजेड मात्र सगळीकडे जातो,
सातपुड्याकडे, अजिंठ्याच्या डोंगराकडे,
कुणाचाच डोळा नाही तिकडेही.
तेवढ्या कवडशावरून
सगळं गेलेलं ऊन सांगायचं.
माझं काम ते.

पलीकडच्या बागेत केळीची कापणी होती.
सायबू तडवी घडासमोर उभा राहायचा,
हात न लावता म्हणायचा, "अठरा."
काट्यावर पावणेअठरा.
मागून बघत नाहीस?
"मागची बाजू पुढच्यासारखी नसतेच, म्याडम.
पन वाण कोनता, पानी किती पेला,
ऊन कोन्या अंगानं लागलं,
हे ध्यानात असलं की पुढचं मागचं सांगते."
घड खांद्यावर घेता घेता म्हणाला,
"चुकते बी. किलोभर."

रात्री तक्ता उघडला.
मातीची सवय, पानाची सवय, ढगाची सवय,
सूर्य इथे आणि डोळा तिथे असताना
कोण किती उजळ दिसतं.
हजारो फेऱ्यांतून जमवलेले आकडे,
प्रत्येकापुढे अधिक-उणे.
त्या अधिक-उण्याची मला आजवर लाज वाटायची.

उपग्रहाच्या एका ठिपक्यात वीस किलोमीटर मावतात.
तापीचं पांढरं पडलेलं पात्र, रेल्वेचे रूळ,
केळीचं हिरवं, काळं वावर, खांब, मी,
आणि कोकिळाबाई झोपे यांची गच्ची.
तिथे धोतरावर बिबडे वाळत होते, साठ-सत्तर.
बाई उन्हाला शिव्या देत एकेक उलथत होत्या.
"वरून दिसते का वं हे?"
नाही म्हणाले.
मग वाटलं, खोटं बोलले.
दिसत नाही, पण धरलेलं असतं,
दशांशाच्या बरंच पुढे,
जिथे मी आकडा तोडून टाकते.

बाईंनी अर्धवट सुकलेला एक बिबडा
माझ्या हातावर ठेवला.
तो अजून ऊन होता.